जलजाक्कांचे चौदा रांजण

"बोर्डाला काय तोंड आहे? तो उठून सांगणार आहे का, मला जलजाक्षीनं बिघडवलं म्हणून?" भाऊजींचा आवाज इतका चढला, की समोरच्या बाईंनी अंगण झाडायचं थांबवलं.

"हळू बोला," अक्का म्हणाल्या. "बोर्डाला नसलं तरी गल्लीला तोंड आहे."

"गल्लीचंच म्हणतोय मी! आता गल्लीला काय सांगू? मार्चच्या एकतीस तारखेला ही निवृत्त होणार, सगळ्यांनी या, सव्वीस वर्षांत हिचा एक बोर्ड परत आला नाही म्हणून सत्कार आहे, असं घरोघर सांगून आलोय. भाषण लिहून तयार आहे माझं!"

"त्यातलं एक वाक्य खोडा."

"तेच तर भाषण आहे! बाकीची नुसती प्रस्तावना!"

चिदंबरला हसू आलं आणि त्याच्या बोटातला पावटा उडून अत्तेंच्या मांडीवर पडला.

भिजवलेल्या पावट्याचं साल काढायचं म्हणजे दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल बोटात राहतं, दाणा पातेल्यात उडतो. थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी आमच्या घरी हेच काम. माणूस कितीही मोठा असो, परातीपाशी बसतो. त्यामुळे वर्षातली सगळी मोठी भांडणं आमच्याकडे जानेवारीत होतात, असं चिदंबर म्हणतो. चिदंबर माझा नवरा. त्याचे थोरले भाऊ नंजुंड, म्हणजे माझे भाऊजी, हायस्कुलातून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. जलजाक्षी त्यांची बायको, माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते आणि सासूबाईंना आम्ही दोघी अत्ते म्हणतो, सासऱ्यांना मामा.

भांडणाचं कारण असं. म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या ज्या ऑफिसात अक्का सर्किट बोर्डांची मांडणी करतात, त्या ऑफिसनं डेअरीत दुधाची फॅट मोजणाऱ्या यंत्रासाठी चाळीस बोर्ड करून दिले होते. ते यंत्र आकडा धरेना. त्याच दुधाला एकदा तीन पूर्णांक आठ, एकदा चार पूर्णांक चार. सगळे म्हणाले सर्किट चुकलं. सर्किट काढणारा प्रभुस्वामी. मालक श्रीकंठय्यांनी त्याला सांगून टाकलं होतं, की सोमवारी गिऱ्हाईक येईल, त्याच्यासमोर आपली चूक काय ते सांग आणि मंगळवारपासून येऊ नकोस.

आणि शनिवारी दुपारी अक्कांना कळलं, की सर्किट बरोबर आहे. चुकली आहे ती मांडणी, आणि ती त्यांनी स्वतः केलेली.

हे फक्त त्यांना माहीत होतं. त्या गप्प राहिल्या असत्या, तर अडीच महिन्यांनी हार, शाल आणि जरीची म्हैसुरी पगडी घेऊन घरी आल्या असत्या. (बाई असली तरी पगडीच, असं भाऊजींनी श्रीकंठय्यांकडून कबूल करून घेतलं होतं.) प्रभुस्वामी मात्र मंगळवारीच घरी बसला असता.

"तो प्रभुस्वामी तुझा कोण लागतो एवढा?" भाऊजींनी विचारलं.

अक्कांनी दाणा दाबला, साल बाजूला टाकलं.

तो त्यांचा कोण लागतो ते मला माहीत होतं.

मी या घरात आले त्याला पंचवीस वर्षं झाली. मी बेळगावकडची. आमच्याकडची कन्नड इथे कुणाला कळेना आणि इथली मला. पहिल्या आठवड्यात अक्कांनी मला मागच्या अंगणात नेऊन हळूहळू, एकेक शब्द सोडून सांगितलं, "पुट्टी, या घरात काही गोष्टी हलत नाहीत. अत्तेंची खिडकीजवळची जागा, मामांची पहाटेची कॉफी, तुझ्या भाऊजींचा पेपर. त्या आधी ओळखून घे. बाकी सगळं आपल्याला हवं तसं सरकवता येतं." पुट्टी म्हणजे छोटी. पन्नाशी जवळ आली तरी त्या मला तेच म्हणतात. मला वाटलं होतं, थोरली जाऊ मला संसार शिकवते आहे. खूप वर्षांनी त्यांना काम करताना पाहिलं, तेव्हा कळलं की बाई आपला धंदाच सांगत होती.

ते मी पाहिलं करोनाच्या टाळेबंदीत. ऑफिस बंद, म्हणून त्यांचा संगणक दीड वर्ष आमच्या हॉलमध्ये, अत्तेंच्या खिडकीशेजारी मांडलेला होता. सर्किट काढणारा सर्किट काढतो, त्यात कोण कोणाला जोडलं आहे एवढंच असतं. कोण कुठे बसेल ते त्यात नसतं. ते सगळं अक्कांच्या सॉफ्टवेअरमध्ये आत घेतलं, की बोर्डाच्या रिकाम्या चौकटीबाहेर सुट्या भागांचा ढीग येऊन पडतो. दोनशे, तीनशे भाग, एकावर एक. प्रत्येकातून बारीक दोरे निघालेले, त्याचं कोणाकोणाशी नातं आहे ते सांगणारे. आठवडाभर न विंचरलेल्या पोरीच्या केसांसारखा गुंता. अत्तेंनी पहिल्यांदा तो ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "अगंबाई, चुरमुऱ्याचं पोतं फुटलं!" तेव्हापासून घरात तेच नाव पडलं. "आज अक्कांना हाका मारू नका, चुरमुरे आलेत."

पहिल्या दिवशी अक्का एकही भाग चौकटीत नेत नसत. नुसता ढीग पसरायच्या, एकेका कुटुंबाचे भाग एकेका बाजूला काढायच्या, आणि हात मांडीवर ठेवून बघत बसायच्या. दुसऱ्या दिवशी जे हलूच शकत नाहीत ते बसवायच्या. स्क्रूची भोकं, वायर खुपसायची तोंडं, आकडे दिसायची काच. डबा करणाऱ्यानं डब्याला भोकं आधीच पाडलेली असतात, तिथे आपली मर्जी चालत नाही. मग मोठ्या चिपा. मग तापणारे भाग कडेला, वाऱ्यापाशी. गोंगाट करणारे एका कोपऱ्यात आणि हळवे त्यांच्यापासून लांब.

"माझ्या दसऱ्याला मांडायच्या बाहुल्यांसारखंच की हे," अत्ते म्हणायच्या. "राजा-राणी आधी, ती हलवायची नाहीत. मग बाकीचा दरबार. फरक एवढाच, हिला त्याचा पगार मिळतो."

"तुम्हाला प्रसादाचं सुंडल मिळतं की, अत्ते."

"ते मीच करते, मीच खाते!"

सगळ्यात शेवटी रांजण. खरं नाव कपॅसिटर, पण अक्कांनी आम्हाला ते रांजण म्हणूनच सांगितले. चिपला एकाएकी तहान लागते, इतकी एकाएकी की दूरच्या नळाचं पाणी येईपर्यंत ती कासावीस होते. म्हणून प्रत्येकीच्या दाराशी तिचा रांजण ठेवायचा. कुणाला लहान, कुणाला मोठा. "शेजारणीच्या दारातला रांजण आपल्या काय कामाचा?" अक्का म्हणायच्या. दिसायला सगळे सारखे, तिळाएवढे, तपकिरी. लहान कुठला आणि मोठा कुठला, ते अंगावर लिहिलेलं नसतं. ते फक्त मांडणाऱ्याला माहीत.

अक्का शिकलेल्या म्हणाल तर दहावी आणि एक ड्राफ्ट्समनचा कोर्स. ऑफिसात लागल्या तेव्हा संगणक नव्हता. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर पारदर्शक फिल्म, आणि फिल्मवर काळी चिकटपट्टी ब्लेडनं कापून लावायची. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर त्या ब्लेडच्या पांढऱ्या रेघा अजून आहेत. पुढे संगणक आले, तेही त्या शिकल्या. मग मामांना अर्धांगवायूचा झटका आला.

कोणीतरी घरी राहायला हवं होतं. माझं बी.एड.चं वर्ष होतं. मी पुस्तकं गुंडाळून ठेवली होती. अक्कांनी ती परत काढून माझ्यासमोर ठेवली. "तू परीक्षा दे. माझं काम कुठे पळून जातं?" दोन वर्षं त्या घरी राहिल्या. मामांना कुशीवर वळवणं, चमच्यानं भरवणं, सगळं त्यांनी केलं. मी परीक्षा दिली, शाळेत लागले, आजही त्याच शाळेत आहे. त्या दोन वर्षांबद्दल मी त्यांना कधी काही बोलले नाही. काय बोलणार? एखाद्यानं आपल्याला पाय दिले तर चालत राहायचं, एवढंच करता येतं.

काम मात्र पळून गेलं होतं. त्या परत गेल्या, तेव्हा सॉफ्टवेअर नवं, पडदे नवे, माणसं नवी. श्रीकंठय्या म्हणाले, "अक्का, हे आता तुम्हाला जमायचं नाही. स्टोअरमध्ये बसा." बेचाळिसाव्या वर्षी त्या स्टोअरमध्ये बसून स्क्रू मोजायला लागल्या. घरी त्यांचं लक्ष नसायचं, भात जास्त शिजायचा.

प्रभुस्वामी तेव्हा पंचविशीचा, कोळ्ळेगालकडच्या खेड्यातून इंजिनियर होऊन नुकता लागलेला. एक दिवस तो कपॅसिटर मागायला स्टोअरमध्ये आला, तर अक्कांनी विचारलं, "कुठल्या चिपच्या दाराशी ठेवणार?" तो म्हणाला, "कुठेही, बोर्डावर जागा असेल तिथे." अक्कांनी स्क्रूच्या पिशवीवर पेन्सिलीनं त्याला चित्र काढून दाखवलं. तो ती पिशवी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत येऊन म्हणाला, "अक्का, चला, संगणकावर बसा."

मग वर्षभर, रोज जेवणाच्या अर्ध्या तासात, त्यानं त्यांना नवं सॉफ्टवेअर शिकवलं. भागांचा ढीग आत घेऊन द्यायचा आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून बसायचा. का, तर हातातून माऊस ओढून घ्यायचा मोह होऊ नये. अक्का चुकायच्या, ढीग नाहीसा व्हायचा, बोर्ड उलटा व्हायचा. तो हात मागे धरून म्हणायचा, "काही मेलं नाही अक्का, परत आत घेऊ." अक्का दोन डबे न्यायला लागल्या. माझ्या हातची तांदळाची अक्की रोट्टी त्याला आवडते, असा निरोप एकदा आला होता. वर्षानं अक्का आपल्या खुर्चीवर परत बसल्या.

तर तो त्यांचा हा लागतो.

"बरं, चूक म्हणजे नक्की काय केलीस?" परातीपाशी चिदंबर विचारत होता. "आम्हाला कळेल असं सांग वहिनी."

अक्कांनी सांगितलं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी बोर्डाची सगळी मांडणी केली होती. मग प्रभूनं सर्किटात थोडा बदल केला आणि नीटनेटकं दिसावं म्हणून सगळ्या भागांना नव्यानं क्रमांक दिले. बदललेलं सर्किट परत आत घ्यायचं. तेव्हा सॉफ्टवेअर विचारतं, जुने भाग ओळखू कशावरून? क्रमांकावरून, की प्रत्येकाच्या आतल्या खुणेवरून? क्रमांक बदलले असतील तर खुणेवरून म्हणायचं. प्रभूनं पिवळ्या चिठ्ठीवर तसं लिहून चिठ्ठी अक्कांच्या पडद्याच्या कडेला चिकटवली होती. त्यांनी ती वाचली होती. आणि वाचूनही क्रमांकावरून घेतलं.

"मग पडद्यावर दिसलं नाही?"

"तीच तर गंमत आहे. रांजण हललेले दिसलेच नाहीत. बाकीच्यांचे दोरे ताणले गेले, ते मी ओळखून जागेवर आणले. पण रांजणांचे दोरे सगळे एकाच नळाला आणि एकाच मोरीला. कुठलाही कुठेही बसवा, दोरा तक्रार करत नाही, तपासणीत पास होतो. चौदाच्या चौदा रांजणांनी एकमेकांच्या जागा घेतल्या आणि चित्र होतं तसंच राहिलं. फॅट मोजणाऱ्या चिपला मोठा रांजण हवा होता, तिच्या दाराशी वाटी ठेवली गेली."

"कोणी मेलं का त्यानं?" अत्तेंनी विचारलं.

"नाही अत्ते."

"मग? फॅट कमी दाखवली तर दूधवाला बुडाला, जास्त दाखवली तर डेअरी बुडाली. आपण पिशवीचं दूध घेतो."

"आई, तू थांब जरा," भाऊजी म्हणाले. मग अक्कांकडे वळून, "सव्वीस वर्षं चुकली नाहीस. मग त्या दिवशीच डोळे कुठे गेले होते?"

"घड्याळाकडे," अक्का म्हणाल्या. "पाचला दहा कमी होते. केसरीभात करायचा होता. तुमचे तीन मास्तर येणार होते, भाषणाचा पहिला खर्डा ऐकायला."

भाऊजींनी एक दाणा घेतला, दाबला. तो साल न सुटताच चिरडला.

खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, की अक्कांनी गप्प राहावं. प्रभुस्वामी चाळिशीचा, हुशार आहे, त्याला दुसरीकडे मिळेल. अक्कांना काय मिळणार? आयुष्यभर कुणी त्यांच्या नावानं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुट्टी, उद्या मला स्कूटरवर सोड. आणि आत ये माझ्याबरोबर. वाटेत मी गाडी वळव म्हटलं, तर वळवू नकोस."

सोमवारी मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. निघताना भाऊजी पेपरमागून बाहेर आले नाहीत. मोठ्या सर्कलपाशी सिग्नलला अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुला शाळेला उशीर होईल ग. वळव."

"नाही वळवणार."

"मोठ्या जावेचं ऐकत नाहीस?"

"आज नाही."

पंचवीस वर्षांत त्यांचं मी न ऐकल्याची ती एकच वेळ.

ऑफिसात अक्का सरळ आपल्या टेबलाशी गेल्या. त्यांना ती पिवळी चिठ्ठी हवी होती. श्रीकंठय्यांसमोर ठेवायची, म्हणजे प्रभूनं बजावून सांगितलं होतं हे कुणी नाकारायला नको. पडद्याच्या कडेला चिठ्ठी नव्हती. कीबोर्डखाली नव्हती, खाली पडलेली नव्हती. झाडणाऱ्या बाईला विचारलं, ती म्हणाली तिनं काही उचललं नाही. तेवढ्यात हातात दोन कॉफी घेऊन प्रभुस्वामी आला. मला बघून तिसरी आणायला वळला.

"थांब. चिठ्ठी कुठे आहे?"

"कसली चिठ्ठी, अक्का?"

"पिवळी. तू लावलेली."

"मी? मी कधी लावली?"

"प्रभू, शाळामास्तराची बायको आहे मी. खोटं बोलणारी पोरं मला चालण्यावरून कळतात. खिसा दाखव."

त्यानं कॉफी टेबलावर ठेवली. शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली. शनिवारी अक्का दुपारी घरी गेल्या, तेव्हा सुन्न होऊन दोन्ही मांडण्या, आधीची आणि नंतरची, पडद्यावर शेजारी शेजारी तशाच उघड्या सोडून गेल्या होत्या. त्यानं त्या पाहिल्या. काय झालं ते त्याला दोन मिनिटांत कळलं. मग त्यानं पडदा बंद केला आणि चिठ्ठी काढून घेतली.

"आज काय सांगणार होतास श्रीकंठय्यांना?"

"सर्किटात चूक झाली म्हणून."

"आणि घरी? बायकोला? दोन पोरांना?"

"अक्का, मला दुसरी मिळेल नोकरी. तुमचा मार्च एकदाच येणार."

अक्का इतक्या संतापल्या, की पलीकडच्या टेबलावरच्या मुलींनी माना वर केल्या. "तुला कोणी सांगितलं माझी अब्रू झाकायला? मी काय उघडी पडलेय? ती पगडी माझ्या डोक्यावर चढवून तू घरी बसणार, आणि मी रोज आरशात ती बघणार? अकलेनं इंजिनियर झालास की वशिल्यानं?"

"तुम्ही नसता तर मी आजही रांजण कुठेही ठेवत असतो," तो खाली बघून म्हणाला.

"आणि तू नसतास तर मी स्क्रू मोजत असते. फिटलं. चल आता."

फिटलं असं त्या म्हणाल्या खऱ्या. पण त्या दोघांकडे बघताना मला वाटलं, की यांच्यात फिटण्यासारखं काही नव्हतंच. आणि मी जे इतकी वर्षं अक्कांचं देणं म्हणून मनात धरून बसले होते, तेही बहुतेक फिटण्यातलं नव्हतं. ते नुसतं जवळ असायला हवं होतं.

श्रीकंठय्या टेबलावर सुपारी कातरत होते. अकराला गिऱ्हाईक यायचं होतं. अक्कांनी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली.

"हे प्रभूनं लिहून ठेवलं होतं. मी वाचलं होतं. तरी मी चुकीचं दाबलं. सर्किट बरोबर आहे."

त्यांनी चिठ्ठी वाचली, उलटी करून मागे काही आहे का पाहिलं. "अक्का, तुम्ही?"

"मी."

"आता त्या माणसाला मी काय सांगू?"

"बोर्ड टाकायचे नाहीत असं सांगा. चौदा भाग चुकीच्या जागी आहेत, पण अंगानं सगळे सारख्याच आकाराचे. उचलून अदलाबदल करायची. एका बोर्डाला चौदा, चाळीस बोर्डांना पाचशे साठ. बुधवारी संध्याकाळी घेऊन जा म्हणावं."

"कोण करणार?"

"सोल्डरिंगच्या दोन मुली, मी आणि प्रभू. यानं हात मागे बांधून बसायचं नाही या वेळी."

श्रीकंठय्यांनी अडकित्ता खाली ठेवला. ओरडावं की हसावं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "पितळेची पाटी कोरायला दिलीय मी. सव्वीस वर्षांत एकही नाही, अशी."

"कोरणाऱ्याला फोन करा," अक्का म्हणाल्या.

मी दुपारपर्यंत थांबले. पहिला बोर्ड अक्कांनी स्वतः केला. चष्म्यावर भिंग लावून, चिमट्यानं एकेक तीळ उचलत. प्रभूनं तो यंत्रात बसवला. गिऱ्हाईक म्हणजे मंड्याकडचा एक जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्यानं सोबत आणलेलं दूध ओतलं. चार पूर्णांक एक. परत ओतलं. चार पूर्णांक एक. आठ वेळा ओतलं. आठव्या वेळी तो म्हणाला, "दूध संपलं," आणि पहिल्यांदा हसला. प्रभुस्वामी खुर्चीत बसला तो पाच मिनिटं उठलाच नाही. अक्कांनी गार झालेली कॉफी त्याच्यापुढे सरकवली आणि दुसरा बोर्ड ओढून घेतला.

बुधवारी चाळिसावा बोर्ड गेला. त्या तीन दिवसांत संध्याकाळचा स्वयंपाक मी केला. माझ्या नाचणीच्या मुद्देत गाठी राहतात. अत्तेंनी त्या बाजूला काढून ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवल्या, कुणाला काही न बोलता, पण सगळ्यांना दिसतील अशा. भाऊजींनी भाषणातलं वाक्य खोडलं होतं, आणि खोडल्यावर काय उरतं ते बघत बसले होते. गल्लीत त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, पण समोरच्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्या अक्कांनी म्हणे पाचशे साठ चुका एकटीनं दुरुस्त केल्या?" भाऊजींना गोष्ट सांगता येते, हे मान्य करायला हवं.

साडेसातला अक्का आल्या. चप्पल काढली, पाय धुतले, पाणी प्यायल्या. आम्ही सगळे जेवायला बसत होतो. त्या आपल्या पाटावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

भाऊजींनी कागद पुढे केला. "हे बघ, त्या जागी मी दुसरं वाक्य घातलंय. 'चूक झाली तेव्हा जिनं ती स्वतः सांगितली.' कसं वाटतं?"

अक्कांनी कागद घेतला, वाचला. मग नीट घडी करून तो त्यांच्याच हातात परत दिला. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "जपून ठेवा. दोन वर्षांनी लागेल."

"दोन वर्षांनी?"

"श्रीकंठय्यांना मी सांगून आलेय. ढीग परत आत घेतला, की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसानं जुनी मांडणी शेजारी ठेवून एकेक रांजण बघायचा, मगच पुढे जायचं, असा नियम त्यांनी केलाय. तो दुसरा माणूस मी. मार्चमध्ये थांबत नाही मी."

"आणि सत्कार?" चिदंबरनं विचारलं.

"नंतर." त्यांनी पदर खोचला, पाटावर बसल्या, आणि ताट पुढे ओढून, आम्हा कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "आणि उद्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक मी करणार नाही."